आभाळ सोडून बाकी सगळं

लष्कराच्या डॉक्टरने माझ्या डाव्या कानाशी घड्याळ धरलं. मला काही ऐकू आलं नाही, तसं त्याने मला घरी पाठवलं. त्याच आठवड्यात आमच्या टिंबर फोर्क गावच्या रेडिओ केंद्राने मला नोकरीवर घेतलं. युद्धाच्या दिवसांत नेब्रास्कात माणसांची टंचाई कुठवर गेली होती ते एवढ्यावरून कळावं.

केंद्र म्हणजे बी-बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दुकानही बोडीनसाहेबांचं आणि केंद्रही त्यांचंच. बोलणारी धड माणसं एकेक करून सैन्यात गेली आणि मागे उरला आयनर स्कॉवगार्ड. पन्नाशी उलटलेला, सडाफटिंग, न्हाव्याच्या दुकानामागच्या खोलीत राहणारा. पहाटे केंद्र उघडायचा तोच, स्तोत्राची तबकडी लावायचा तोच. डुकरांचे भाव, अंड्यांचे भाव, बुटांचं अठरा नंबरचं रेशनचं कुपन चालू झालं की नाही, लोण्याला या आठवड्यात रेशनचे किती लाल पॉइंट, सगळं तोच सांगायचा. दहा वाजता बायकांचा कार्यक्रम. तो चालवणारी मुलगी ओमाहाच्या विमान कारखान्यात गेल्यापासून साखरेशिवायचा केक कसा करावा हेही हाच बाबा आपल्या भरदार आवाजात सांगायचा. संध्याकाळी युद्धाच्या बातम्या. शनिवारी बेसबॉल.

आवाज ऐकून वाटावं, माणूस नुकता आंघोळ करून, पोटभर जेवून बसलाय. प्रत्यक्षात तो टेबलावर कोपर टेकून, तिसऱ्यांदा उकळलेल्या चोथ्याची कॉफी पीत, डोळे मिटून बोलत असायचा.

"काका, झोपलात का?" मी तबकडी बदलताना विचारायचो.

"झोपलो असतो तर घोरलो असतो. घोरणं वॉशिंग्टनला चालतं का, बघ जरा पुस्तिकेत."

ही सरकारी पुस्तिका भिंतीला दोरीने टांगलेली होती. युद्ध आहे तोवर रेडिओवरून काय बोलू नये ते तिच्यात दिलेलं होतं. हवामानाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, शत्रूला उपयोग होतो. त्याच्याच खाली, कुणाचेही खासगी निरोप द्यायचे नाहीत, त्यात हेर खुणा घालतात. टिंबर फोर्कमध्ये भुरभुर पाऊस पडतोय हे कळल्यावर जपानी आरमार नक्की काय करणार होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण बोडीनसाहेब त्या पुस्तिकेला बायबलपेक्षा जास्त भ्यायचे. केंद्र बंद होईल, ही धास्ती.

पूर्वी शेतकरी आयनरला ऐकायचे ते हवेसाठीच. आता तोच रस्त्याने निघाला की लोक त्याला हवा सांगायचे. "आयनर, आज गरम होणार आहे बरं का! कुणाला बोलू नकोस!"

मे महिन्यातल्या सामन्याने तर त्याची पार शोभा केली. गावचा संघ म्हणजे शाळकरी पोरं आणि टक्कल पडलेले बाप, आणि चेंडू टाकायला लुथेरन चर्चचे पाद्री. मध्येच धो-धो पाऊस आला. खेळाडू पळाले, आम्ही पत्र्याच्या छपराखाली माईक धरून बसलो. पाऊस म्हणायचं नाही, आणि गप्पही बसता येत नाही. आयनर तासभर बोलला. "पाद्रीबुवांनी चेंडू पुसलाय. पुन्हा पुसतायत. फार स्वच्छतेचे भोक्ते आहेत." मग कोंबड्यांची पिल्लं कशी जगवावी, मग टायरची काळजी, मग एक स्तोत्र. वर पत्रा ताडताड वाजतोय आणि ते सगळं माईकमधून घरोघर जातंय.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून बाहेर पडताना बायकांनी त्याला घेरलं. "आयनर, काल दुपारभर काय तळत होतास रे? आम्हाला चरबीचे पॉइंट पुरत नाहीत, आणि तुझी मजा आहे!"

तो हसला नाही. हसायलाही त्राण लागतं.

त्याची धाकटी बहीण इंगा गावाबाहेर शेतावर एकटी राहायची. नवरा कधीच वारला होता, आणि मुलगा व्हर्नर सैन्यातून आफ्रिकेत गेला होता. त्या उन्हाळ्यात गहू उदंड आला. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे राबून मळून घेतला. पण आगगाडीचे डबे सगळे युद्धाला लागलेले. गावचं कोठार तोंडापर्यंत भरलं, तेव्हा गहू ज्याच्या त्याच्या अंगणात, उघड्या जमिनीवर ढीग करून राहिला. इंगाचाही. ताडपत्री मिळत नव्हती. होती ती जुनी, दोघांनी धरून ओढायची.

"तो भिजला तर कुजेल," आयनर मला म्हणाला. "तो गेला तर ती शेत विकणार. मग पोरगा परत येईल तो कुणाच्या दारात?"

दुपारी इंगा ओढ्याकाठच्या खोलगट शेतात मका खुरपायची. पश्चिमेला टेकडी आडवी. आभाळ डोक्यावर आल्याशिवाय दिसायचं नाही. आयनरने बियाण्याच्या दुकानात, लोहाराकडे, कुठे कुठे शब्द टाकून तिच्या रेडिओसाठी नवी बॅटरी मिळवली. शेतांवर वीज नव्हती, आणि बॅटऱ्या तर लोण्याहून दुर्मीळ. आम्ही दोघं ती द्यायला गेलो.

"शनिवारी सामना लाव," आयनर म्हणाला. "रेडिओ खिडकीत ठेव, मोठा कर. शेतापर्यंत ऐकू येतं."

"आणि त्यात काय ऐकू? पाद्रीबुवा हात पुसतायत?"

"ऐक म्हणतो ना."

"तुला पाऊस म्हणता येत नाही, मग मला काय उपयोग रे त्या बडबडीचा?"

इंगाने बॅटरी दोन्ही हातांत घेतली, स्वयंपाकघरातल्या कपाटात पिठाच्या डब्यामागे ठेवली आणि आम्हाला जेवायला बसवलं. कोंबडी होती, कोंबडीला कुपन लागत नाही.

शुक्रवारी आयनर बोडीनसाहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, मोठं वादळ आलं तर एवढं तरी सांगू द्या. गहू उघड्यावर आहे सगळ्यांचा."

"वॉशिंग्टनची परवानगी आली तर सांग."

"ती यायच्या आत गव्हाला कोंब येतील."

"आयनर, एक शब्द. एक शब्द बोललास तर मी तुला काढतो. मला केंद्र चालवायचंय."

शनिवारी खेळ सुरू झाला तेव्हा ऊन होतं. तिसऱ्या डावात वारा पडला. मी तारांपाशी बसलो होतो. वर पाहिलं तर पश्चिमेला आभाळ काळं नव्हे, हिरवट काळं झालेलं. असं आभाळ गारा आणतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आयनरनेही पाहिलं. मैदानाकडे पाठ करून तो पश्चिमेकडे बघत राहिला, आणि तोंडाने मात्र खेळ सांगत होता. पाद्रीबुवांनी चेंडू टाकला. पोराने मारला. धावला. मग तो थांबला. वर्षभरात मी त्याला माईकपुढे गप्प झालेलं पाहिलं नव्हतं.

"काका," मी हळूच म्हणालो, "बोला काहीतरी."

त्याने घसा खाकरला. "लोकहो, आयनर बोलतोय. पश्चिमेकडून वादळ येतंय. गारांचं दिसतंय. गहू झाका. इंगा, ऐकतेस का, सोड ते खुरपणं आणि गहू झाक."

पुन्हा एकदा तेच बोलायला त्याने तोंड उघडलं, तोवर माझ्या चांगल्या कानावरच्या हेडफोनमधून खर्र आवाज आला. साहेबांनी तिकडे केंद्रात खटका ओढला होता. मग छपराखालचा, केंद्राकडून आलेला फोन वाजला. मी उचलला.

"त्याला सांग, तो नोकरीवरून सुटला."

मी सांगितलं. आयनरने टोपी घातली. "बरं झालं," तो म्हणाला. "चल, गाडी काढ."

गाडी त्याचीच, पण चालवायचो मी. त्याला चाकावर झोप यायची. टायर गुळगुळीत झालेले, त्यामुळे पळवायचीही सोय नाही. वाटेत दोन-तीन अंगणांत बायका ताडपत्र्या, गोधड्या, पडदे, काय हाताला लागेल ते ओढत पळत होत्या. त्यांनी रेडिओ ऐकला की वर पाहिलं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. अर्ध्या वाटेत गारा सुरू झाल्या. आयनर खिडकीबाहेर बघत एकच म्हणत होता, "ऐकलं असेल ना रे तिने?"

इंगाचं अंगण आलं. गव्हाचा ढीग झाकलेला होता. ताडपत्रीच्या कडांवर नांगराचे फाळ, दगड, चुलीची लोखंडी दारं. एकटीने ओढली होती. इंगा ओसरीवर ओले केस पिळत उभी.

आयनर चिखलातून धावत गेला. "ऐकलंस ना? ऐकलंस तू!"

"काय?"

"रेडिओ! मी बोललो, इंगा. सरळ बोललो. नाव घेऊन!"

इंगाने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "रेडिओ लावला कुठे होता मी? बॅटरी व्हर्नरच्या बातम्यांसाठी ठेवलीय. तुझी डुकरं आणि पाद्री ऐकायला जाळू होय?"

"मग तुला कळलं कसं?"

"गाय ओरडायला लागली. टेकडीवर चढून बघितलं. डोळे आहेत मला."

आयनर ओसरीच्या पायरीवर बसला. त्याच्या टोपीच्या काठावर गारा साचल्या होत्या. "मला काढलं त्यांनी," तो म्हणाला. "मग मी कशाला बोललो?"

"वर्षभर तुझ्या घशात अडकलं होतं म्हणून," इंगा म्हणाली. "ऊठ. कपडे बदल. व्हर्नरची विजार होईल तुला."

तिने बटाटे उकडले, अंडी केली, आणि कुणाला न विचारता डब्यातली खरी कॉफी काढली, पहिल्याच उकळीची. आयनरने दोन कप घेतले. मग भाच्याच्या विजारीत, खिडकीजवळच्या खुर्चीत तो बसला आणि पाय लांब केले. पहाटे उठायचं नाही, डुकरं नाहीत, केक नाही. त्याचा चेहरा असा सैल पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

बातम्यांची वेळ झाली तशी इंगाने पिठाच्या डब्यामागून बॅटरी काढली. "आज जाळू थोडी," ती म्हणाली. मी तारा जोडून दिल्या.

बोडीनसाहेब स्वतः वाचत होते. आवाज थरथरत होता, कागद खडखडत होते. एका ओळीवरून दुसरीवर उडी मारत त्यांनी रशियन सेनापतीला डुकरांच्या भावात विकलं. इंगा तोंडावर हात धरून हसली. आफ्रिकेचं आज काही नव्हतं. तिने श्वास सोडला.

शेवटी साहेब थांबले. खोकले. मग म्हणाले, "आयनर, ऐकत असशील तर. फोनचे खांब पडलेत, म्हणून इथूनच सांगतो. तुला काढलंय ते काढलंयच, युद्ध संपलं की बघू. पण उद्या सकाळी केंद्र उघडायला कुणी नाही. चर्चची प्रार्थना आहे. ये बाबा."

रेडिओवरून खासगी निरोप! पुस्तिकेत, हवामानाच्या बरोबर खालची ओळ. मी खुर्चीकडे वळलो. आयनरची हनुवटी छातीवर टेकली होती, तोंड अर्धवट उघडं, आणि तो चक्क घोरत होता.

मी त्याच्या खांद्याला हात लावायला गेलो. इंगाने माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताने रेडिओ बंद केला.

"बॅटरी जाते," ती म्हणाली.