पालखीसाठी उतरवलेलं पोट

नारळ घरंगळला नसता तर मी त्या जिमची पायरीसुद्धा चढलो नसतो. आमचं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. पालखीच्या दांड्याला पुढचा आणि मागचा खांदा एका उंचीचा लागतो, नाहीतर देव कलतो, म्हणून गावात जोड्या ठरलेल्या आहेत. माझी जोडी माझ्या धाकट्या चुलतभावाशी. मिसरूड फुटल्यापासून वरच्या वाडीची चढण आम्ही दोघंच घ्यायचो. पुढे मी महाडला एका कचेरीत कारकून झालो, खुर्चीला चिकटलो, पण वर्षातली ती एक चढण माझी होती. गावात मला बाकी कशासाठी कोण ओळखत होतं?

त्या वर्षी अर्ध्या चढणीवर माझा दम तुटला. गुडघा वाकला, पालखी एका अंगाला गेली आणि आतला नारळ बाहेर पडून उताराला लागला. देवाचा नारळ, त्याला पायाने अडवायचा कसा, म्हणून सगळा गाव नुसता बघत राहिला. शेवटी तो बांधावरच्या करवंदीच्या जाळीत अडकला. ढोल थांबले होते. भावाने माझ्याकडे न बघता दुसऱ्या एकाला खांद्याला बोलावलं आणि हळूच म्हणाला, "दादा, तू आता मागनं ये. दम लागतो तुला."

मागून चालताना मला माझ्या पोटाची जी किळस आली ती शब्दांत सांगणं कठीण आहे. सदऱ्याच्या आत ते प्रत्येक पावलाला हलत होतं. पुढच्या शिमग्याला खांदा परत मिळवायचा, हे मी तिथेच ठरवलं. आणि ठरवून अकरा महिने काहीही केलं नाही.

माघात जाग आली. एक महिना उरला होता. सकाळी सावित्रीच्या काठाने चालायला लागावं, तर तेवढ्याने महिन्यात काय होणार? कचेरीतल्या एकाने बाजारपेठेतल्या जिमचं सांगितलं. रोज फक्त वीस मिनिटं, पण जीव खाऊन, आणि महिन्यात चरबी साफ. मनात मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. एका बाजूला नुसतं हसं होण्याची भीती, दुसऱ्या बाजूला करवंदीतला नारळ. नारळ जड निघाला.

जिम एका हार्डवेअरच्या दुकानावर होती. खिडक्या आरशांनी बुजवल्या होत्या, त्यामुळे आदल्या दिवशीचा घाम कुठेच जात नसे, तो दुसऱ्या दिवशीच्या घामाची वाट पाहत तिथेच थांबे. रबराच्या गादीवर पालथं पडायचं तर नाकासमोर कुणाचे तरी केस चिकटलेले. कोच मुंबईहून परत आलेला तरुण. त्याने पहिल्या दिवशी माझा सदरा काढायला लावला, एका चिमट्यासारख्या यंत्रात माझ्या पोटाची वळी धरली आणि सगळ्यांसमोर मोबाईलवर फोटो काढला. "बिफोर आहे सर, लाजायचं नाय. पोट म्हणजे दुश्मन. दुश्मन को छोडने का नहीं." संध्याकाळी तो फोटो जिमच्या ग्रुपवर आला. खाली लोकांनी अंगठे दाखवले होते. माझ्या बेंबीला अंगठे!

व्यायाम म्हणजे उडी मार, पड, ऊठ, पुन्हा उडी मार. वर गाणं इतक्या जोरात की स्वतःच्या छातीतली धडधड ऐकू येऊ नये. तिसऱ्या दिवशी मी मोरीत ओकलो. तोंड धुऊन आलो तर कोच खूश. "बॉडी क्लीन होते सर!" त्याच्या त्या खुशीचीच मला जास्त शिसारी आली.

खाण्याचं तर विचारू नका. भात बंद. भाताच्या खोऱ्यात जन्मलेल्या माणसाला भात बंद! डब्यात अंड्याचा पांढरा भाग आणि वाफवलेला कोबी. डबा उघडला की शेजारच्या टेबलावरच्या बाई खिडकी उघडायच्या. एका रविवारी कोचने आम्हा सगळ्यांना महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. म्हणे, गरम पाण्यात बसलं की सैल झालेली चरबी वितळते. पाणी बिचारं पूर्वीपासून होतं तसंच होतं. त्यात गळ्यापर्यंत बसून एकमेकांच्या दंडाला हात लावून बघणारे आम्ही मात्र बघवत नव्हतो. मी डोळे मिटून घेतले आणि पुरणपोळीचा विचार केला.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की त्याचा उपयोग होत होता. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. गालफडं दिसायला लागली. कचेरीचा जिना मी न थांबता चढायला लागलो. होळीच्या आदल्या दिवशी गावी गेलो तेव्हा घरी न जाता आधी वरच्या वाडीची चढण चढून आलो. दम लागला नाही. वर उभा राहून मी एकटाच हसलो. एवढ्या घाणीतून गेलो ते फुकट गेलं नाही, असं वाटलं.

घराच्या अंगणात आईने मला पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली. "काय झालं रे तुला?"

"काय नाय गो आई, जिम लावली."

शेजारची काकी आली, तिने माझा दंड चाचपला. "शुगर हाय का?" संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी मला बघून गेली. प्रत्येकाला मी जिमचं सांगत होतो आणि प्रत्येक जण मान डोलवत होता, पण आजारी माणसापुढे डोलवतात तशी. मग कारण माझ्या लक्षात आलं. वरच्या वाडीतला एक मुंबईकर काही वर्षांपूर्वी असाच झपाट्याने उतरला होता. विचारलं की हसून सांगायचा, डाएट करतोय. पुढच्या शिमग्याला तो नव्हता. आमच्याकडे खाल्लेलं अंगावरून मुद्दाम उतरवायला कुणी जात नाही. उतरलं तर ते दुखण्यानेच, आणि जो जास्त हसून सांगतो त्याचं दुखणं जास्त मोठं. मी मोबाईल काढून बिफोरचा फोटो दाखवला. त्याने तर घातच झाला. "बघा, केवढा होता," काकी पदराने डोळे पुसत म्हणाली.

पालखी निघाली तेव्हा मी खांदा द्यायला पुढे झालो. भावाने माझा हात धरला. गेल्या वर्षी तो माझ्याकडे बघत नव्हता, आता बघत होता आणि ते जास्त वाईट होतं. "दादा, तू नको. तू उन्हात पन फिरू नको. अंगणात बस, देव तुझ्याकडं येतोय ना."

मी ओरडलो. मला काही झालेलं नाही, तुमच्यापेक्षा धडधाकट आहे, असं ओरडलो. ढोलवाल्यांनी माना खाली घातल्या. चिडलेला आजारी माणूस कुणाला बघवत नाही.

पालखी आमच्या अंगणात आली. आईने ओटी भरली. गुरवाने डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं. दर वर्षी आमच्या घरासाठी शेताचं आणि गुराढोरांचं मागणं असतं. या वेळी त्याने माझं घेतलं. "देवा, ह्या लेकराच्या अंगात जे काय शिरलं हाय ते दूर कर. त्याचं अन्न त्याच्या अंगाला लाव. व्हता तसा भरलेला कर त्याला." सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय महाराजा!" त्यात माझ्या आईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मला गावाचा, कोचचा, माझ्या गळ्याच्या वर आलेल्या हाडांचा, सगळ्यांचा उबग आला. आणि तरी तोंडातून निघून गेलं, व्हय महाराजा. देवापुढे एकट्याने गप्प कसं बसायचं?

पालखी चढणीला लागली. मी अंगणात बसून आईने वाढलेल्या पुरणपोळ्या खाल्ल्या. कोचचा मेसेज आला होता, आफ्टरचा फोटो पाठवा म्हणून. मी तो नंबर ब्लॉक केला.

देवाने मात्र ऐकलं. वर्षभरात पोट परत आलं, आधीपेक्षा थोडं जास्तच. यंदा शिमग्याला गेलो तर आईच्या तोंडावरचं समाधान काय वर्णावं. काकीने दृष्ट काढली. पालखी निघताना भाऊ जवळ आला, त्याने माझ्या पोटावर मायेने हात फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले.

"आता कसा पयल्यासारखा दिसतोस," तो म्हणाला. मग दांडा खांद्यावर घेतला आणि वळून म्हणाला, "दादा, तू मागनं ये."