विजयाबाईंची काच

काष्टीच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या विजयाबाईंचा सहसा कशावर विश्वास बसत नसे. दूधवाल्याने माप घातलं की त्या पातेल्यात वाकून बघत. नवरा हेमचंद्र फिरून आले की त्यांच्या चपलांकडे बघून ते देवळात गेले होते की वडापावच्या गाडीवर, हे सांगत. आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे, हीच पंचाईत होती.

एकुलता मुलगा वरद कंपनीत लागला आणि मोटरसायकलने जाऊयेऊ लागला, तेव्हापासून हा सगळा संशय गाडीच्या पुढच्या काचेवर येऊन बसला. म्हणायला काच, होती प्लॅस्टिकची. संध्याकाळी वरद अंगणात गाडी लावायचा आणि विजयाबाई बादली घेऊन हजर.

"तुझे हात दुखतील, मी पुसतो," वरद म्हणायचा.

"तू कोरड्या फडक्याने घासतोस. धुळीत वाळू असते. ओरखडे पडतात."

जुन्या सुती साडीचा तुकडा ओला करून त्या काचेवर पसरून ठेवत. चिकटलेले किडे भिजून सुटले की भरपूर पाणी ओतायचं, मग साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने, वरून खाली. घरातल्या आरशाचा स्प्रे त्यांनी या काचेला कधी लावू दिला नाही, प्लॅस्टिक धुरकटतं म्हणून. पण फडकं पसरण्याआधी त्या काच नीट वाचून घेत. किडे फुटून पसरले असतील तर पोरगा जोरात आला. आणि काळी, बोट लावलं की तेलकट पसरणारी राख असेल, तर तो साखर कारखान्याच्या रस्त्याने आला. हंगामात चिमणीतून उसाच्या भुशाची राख त्या रस्त्यावर उडत असते.

"पंचनामा झाला का?" हेमचंद्र ओट्यावरून विचारायचे. "साक्षीदार म्हणून मी सही करू?"

"हसा तुम्ही."

हसण्यासारखं नव्हतंच ते. त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक जोडून चालतात, मागे दिवा नसतो. गेल्या हंगामात शेजारचा गोरक्षनाथ अंधारात अशाच एका ट्रॉलीवर आदळला. पाय वाचला, पण लंगड राहिली. तेव्हा वरदने आईला शब्द दिला होता, की लांब पडलं तरी हायवेनेच येईन.

या हंगामात महिनाभर काच स्वच्छ येत राहिली. राख नाही, किडे नाहीत. विजयाबाईंना आधी बरं वाटलं, मग वाटेना. हायवेला काय किडे नसतात? वर काचेवर गोल गोल बारीक रेघा दिसू लागल्या. हा हात त्यांचा नव्हता. कोण पुसतं गाडी? आणि कोणाकडे थांबतो हा रोज?

"मुलगी असेल," हेमचंद्र म्हणाले. "असली तर बरंच आहे. तुझा भार हलका."

"मुलगी असती तर काच अशी खरवडली नसती."

दोन दिवसांनी गोरक्षनाथच कुंपणापाशी थांबला. "काकू, वरद गाडी लई टापटीप ठेवतो बरं का. रोज कारखान्याच्या फाट्यावर थांबून काच चकाचक करतो. कोरडंच फडकं, खसाखसा. मी म्हनलं, अरं पानी तर घाल."

वरद आला तेव्हा दिवस मावळला होता. विजयाबाईंनी बादली आणलीच नाही.

"फाट्यावर काच का पुसतोस?"

वरदने हेल्मेट काढलं. आधी बापाकडे बघितलं, मग आईकडे. "कारण तू काच वाचतेस ना. अर्धा तास वाचतो गं त्या रस्त्याने. इथे आलो की उलटतपासणी नको म्हणून पुसून येतो."

"मला फसवायला?"

"तुला झोप लागावी म्हणून."

"समोरच्या गाडीचा दिवा आला की दिसतं का तुला यातून?"

विजयाबाईंनी हेमचंद्रांना समोरून टॉर्च धरायला लावला आणि स्वतः गाडीवर जाऊन बसल्या. टॉर्च लागला मात्र, सगळी काच एकदम पांढरी पेटली. हजार बारीक रेघा चमकल्या आणि त्यांच्यापलीकडे उभा असलेला नवरा दिसेनासा झाला.

"वरद, खरं सांग."

"परवा एक ट्रॉली," तो हळू म्हणाला. "अगदी जवळ आल्यावर दिसली. बाजूला घेतली गाडी, रस्त्याकडेच्या चारीत गेलो. काही लागलं नाही."

हेमचंद्रांनी टॉर्च बंद केला. त्या ट्रॉलीची भीती विजयाबाईंना होतीच. पण या रेघा आपल्या पहाऱ्यामुळे पडल्या, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या गाडीवरून उतरल्या.

"पाना आण," त्या म्हणाल्या. "ही काढून ठेव. नवीन येईपर्यंत बिनकाचेची चालव. आणि अंधार पडायच्या आत नीघ, कुठल्याही रस्त्याने."

"कुठल्याही?"

"फक्त मला विचारायला लावू नकोस, तूच सांग."

दुसऱ्या दिवशी उजेड होता तेव्हाच गाडी अंगणात शिरली. वरदच्या गालांवर, हनुवटीवर, शर्टाच्या कॉलरवर काळे ठिपके होते. विजयाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"कारखान्याच्या रस्त्याने आलो," वरद आपणहून म्हणाला.

"दिसतंय," हेमचंद्र ओट्यावरून म्हणाले.

विजयाबाईंनी टॉवेल ओला करून त्याच्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेल्या.