चिंच घालण्याआधीचं कालवण

साताऱ्याहून पनवेलला निघाले ती सकाळच्या एसटीने, घोटभरही पाणी न पिता. वाटेत सारखं उतरावं लागू नये म्हणून हो! मला मूत्राशयाचं जुनं दुखणं आहे. तपासणीत जंतू सापडत नाहीत, पण आंबट-तिखट खाल्लं की ओटीपोटात आग पडते. मुलीच्या लग्नात मी आतल्या खोलीत कळवळत पडले आणि अक्षता हुकल्या. आता तिचं डोहाळजेवण होतं. ओटी माझ्या हाताने भरायची, एवढाच हट्ट धरून निघाले होते.

पनवेल स्टँडवर उतरले तेव्हा उभं राहवेना. जावयांनी रिक्षात बसवून गावातल्या घरी नेलं. एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला अजून खाजण (खाडीकाठची खारी जमीन) आणि बगळे. विहीणबाई आगरी. दारात मला बघितलं आणि चहाचं नाव काढलं नाही.

"आदी बाथरूमला जाऊन या. परवासात पाणी प्यालात?"

"नाही हो, भीती वाटते."

"म्हनूनच दुकतंय. थोरं थोरं (थोडं थोडं) प्या."

डॉक्टरही हेच सांगून थकले होते! तासाभराने नीट बसता येईल इतकी कळ उतरली.

चुलीवर जिताडा (खाडीतला मोठा मासा) रटरटत होता. विहीणबाईंनी शेजारची छोटी वाटी उघडून दाखवली. "चिंच नि मसाला आमी मागनं टाकतो. तुमचं आदीच काडून ठेवलंय." एकेक पदार्थ खाऊन बघत मला काय सोसतं याची मी यादी केली आहे, ज्याची त्याची वेगळी असते. ती त्यांनी आठवड्याआधीच माझ्या लेकीला मला फोन करायला लावून विचारून घेतली होती. हळद, नारळाचं दूध, मऊ तांदळाची भाकरी. काय चव होती म्हणून सांगू!

शेजारीण म्हणाली, "डोहाळे पोरीला लागलेत का आयसला (आईला)?"

"दोगींना! तुला काय तरास हाय?" विहीणबाई म्हणाल्या.

दुपारी अंगण बायकांनी भरलं. कुणीतरी माझ्यापुढे लिंबाचं सरबत धरलं. मुलीच्या सासरी नाही कसं म्हणायचं? भिडेने पेला ओठाला लावणार, तोच विहीणबाईंनी तो काढून घेतला आणि उभ्याउभ्या गटागट रिकामा केला. "ह्यो माजा होता," म्हणाल्या. सगळ्या हसल्या. माझे मात्र डोळे भरले.

ओटी मीच भरली. गाणी संपेपर्यंत पाटाशेजारी बसून होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. खोली रंगवून, दुपटी शिवून मी तयार होते. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीतून लेकीला फोन लावला. म्हटलं, "बाळे, तुला तिथेच राहावंसं वाटत असेल तर राहा. दुपटी घेऊन मीच येते."

ती हसून म्हणाली, "आई, सासूबाईंनी तुझी खाट कालच काढून ठेवलीय."