दुपारच्या आतलं काम

आमच्या कपाशीच्या बीजप्लॉटवर ताईइतका हलका हात कुणाचाच नव्हता. संध्याकाळी मादीच्या कळ्या सोलून त्यांना लाल कागद लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यावर नराचं फूल फिरवायचं, असं ते क्रॉसिंगचं काम. दुपार झाली की फूल काही उपयोगाचं राहत नाही. मी तेव्हा नववीत होते. माझ्या हातून निम्म्या कळ्या मोडायच्या, म्हणून मला पाणी वाहायला ठेवलेलं. मला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं.

हा हलका हातच ताईच्या मुळावर आला. बारावीला चांगले मार्क पडले, जालन्याच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं, आणि आमचे वडील, आबा, रोज एकच सांगायचे, एवढं क्रॉसिंग उरकू दे, मग जाऊ. ताई मान डोलवायची. मला तिचा भयंकर राग यायचा. घरात भांडायला मी एकटीच, आणि माझं ऐकतंय कोण!

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशीही ती सकाळी प्लॉटमध्ये उभी. मी कळशी आपटली आणि तोंड फुगवून बांधावर बसले. आबा म्हणाले, कॉलेज काय पळून चाललंय का, पुढच्या वर्षी बघू. ताईनं हातातलं फूल खाली ठेवलं. आवाज जराही चढवला नाही.

"आबा, आजचं फूल उद्या फिरवलं तर बी धरतं का?"

"न्हाई."

"मंग माझं बी आजच हाय. मी जाऊन राह्यले."

"आन् ह्या ओळी?"

"त्या तुम्ही करा."

आणि ती खरंच निघाली, हात न धुता, पिवळ्या बोटांनी, बांधाबांधानं वडीगोद्रीच्या रस्त्याकडे, जालन्याची एसटी धरायला. आबांनी एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं, एकदा तिनं खाली ठेवलेल्या फुलाकडे. मग त्यांनी मला मोटारसायकलची चावी आणायला पिटाळलं. रस्त्याला लागायच्या आत त्यांनी तिला गाठलं आणि मागे बसवून थेट जालन्याला नेलं.

त्या ओळी आई आणि मी केल्या. तिथं बोंडं कमीच लागली. आबा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

चार वर्षांनी माझी बारावी झाली. प्रवेशाच्या दिवशी मी नेहमीसारखी लोळत पडले होते. अंगणात मोटारसायकल सुरू झाली. बाहेर येऊन पाहते, तर माझ्या कागदांची पिशवी हँडलला अडकवून आबा तयार बसलेले.

"जल्दी आवर," ते म्हणाले. "दुपार व्हायच्या आत पोचायचंय."