दृढीकरणाचा फ्रॉक

मे महिन्यात जयपूरमध्ये सकाळी नऊनंतर शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. कूलरपुढं चटई टाकायची, ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं आणि जगाचं काय व्हायचं ते होऊ द्यायचं. आमच्या चर्चची व्हीबीएस नेमकी तेव्हाच असायची. व्हीबीएस म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, दोन आठवड्यांची. गाणी, गोष्टी, वचनं पाठ करणं, कापसाचं कोकरू चिकटवणं आणि शेवटी लिंबाचं सरबत. सलग सहा वर्षं ती मी चालवली. सातव्या वर्षी मात्र मी खरोखर थकले होते. घसा पहिल्याच दिवशी बसायचा, संध्याकाळी पाय सुजलेले असायचे. हे शेवटचं वर्ष, असं मी नवऱ्याला सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "हे तू मागच्या वर्षीही म्हणालीस."

आम्ही मूळचे नगरकडचे. नवरा विमा कंपनीत, बदली होऊन जयपूरला आलेला. सासर लुथरन पंथाचं, म्हणून इथंही लुथरन मंडळी, म्हणजे चर्चच, शोधली. बनी पार्कमधल्या एका जुन्या बंगल्याचा पुढचा हॉल, चाळीसेक माणसं, उपासना हिंदीत. बहुतेक झारखंडकडचे, थोडे तेलुगू, आणि मराठी म्हणाल तर आम्ही दोघं आणि आमची मुलगी, तिघंच. मुलांपुढं उभं राहून गाणं म्हणायला कुणीतरी हवं होतं आणि मला नाही म्हणता येत नाही. झालं.

त्या वर्षी नवीन पाळकसाहेब आले. वयानं माझ्याहून लहान, उत्साह दांडगा. म्हणाले, "बहनजी, आपल्याच मुलांना किती दिवस सांगायचं? बाहेर जाऊया. झोटवाड्यातल्या कामगार वस्तीतली मुलं आणूया." मी मनात म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण कमिटीनं माना डोलावल्या. कमिटीचं काय जातंय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. टेम्पो ठरला. मुलींच्या आयांनी सांगितलं, सोबत बाई असेल तरच पाठवू. ती बाई कोण असणार हे वेगळं सांगायला नको. सकाळी सातला मी झोटवाड्यात, आठला बनी पार्कात, बाराला भर लूमध्ये, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात, पुन्हा झोटवाड्यात.

तिथंच ती पोर आणि तिची आई भेटली. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली टेबल मांडून ती बाई कपड्यांना इस्त्री करायची, कोळशाची जड इस्त्री. वय तिशीच्या आतलं. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. राहायची जेठाकडं, म्हणजे थोरल्या दिराकडं. तो जवळच्याच एका कारखान्यात होता. पोर अकराची, काटकुळी, मोठ्या डोळ्यांची. बाप गेला तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. बाकीच्या आयांनी मला विचारलं, खायला काय देणार, कधी सोडणार. हिनं विचारलं, "मैडमजी, पढ़ना सिखाओगे?"

मी म्हटलं, शिकवीन. बोलून बसले. तिनं इस्त्री बाजूला ठेवून मला सगळं नीट सांगितलं. जेठजी म्हणतात, पोरीची जात, शाळेत घालून काय करायचंय, दोघींनी गावी सासूकडं जाऊन राहावं. बाईनं हट्ट धरला तेव्हा त्यांनी एवढंच कबूल केलं, की पोरीनं त्यांच्यापुढं नीट वाचून दाखवलं तर जुलैत शाळेत नाव घालू. आणि एक अट. चर्चवाल्यांनी पोरीला काही केलं, तर लगोलग दोघींनी गावची बस धरायची. "मैंने ज़िम्मा लिया है," ती म्हणाली. म्हणजे सगळं तिनं आपल्या डोक्यावर घेतलं होतं.

हे मी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. दिवस तसे बरे नव्हते, धर्मांतराच्या संशयानं चर्चकडं लोक वाकड्या नजरेनं बघायचे. पाळकसाहेबांनी सगळ्या शिक्षकांना बसवून बजावलं. बाहेरच्या मुलांच्या गळ्यात क्रूस घालायचा नाही. हातात मेणबत्ती द्यायची नाही. प्रार्थनेत डोक्यावर हात ठेवायचा नाही. उकडतंय म्हणून गमतीनंसुद्धा अंगावर पाणी उडवायचं नाही, कुणी बाप्तिस्मा म्हणेल. चित्रं रंगवायला द्यायची ती बोटीची, मेंढीची, माशाची. आम्ही हे सगळं डोळ्यांत तेल घालून पाळलं. एका मुलीनं गंमत म्हणून दुसरीवर ग्लासभर पाणी ओतलं, तर मी तिला असं फटकारलं की बिचारी दोन दिवस माझ्याजवळ फिरकली नाही.

पोरीला मी टेम्पोतच शिकवायचे. वर्गात वेळ कुठला? बाराखडी तिला अर्धीमुर्धी आठवत होती. मी रस्त्यावरच्या पाट्यांवर बोट ठेवायचे आणि ती वाचायची. आधी एकेक अक्षर, मग अक्षरं जोडून. टायर. चश्मा घर. शुद्ध घी. टेम्पो खड्ड्यातून उडायचा, तोंडात धूळ जायची, बाकीची पोरं बोंबलायची आणि ही आपली ओठ हलवत बसायची. दुसऱ्या आठवड्यात तिनं अख्खं दुकानाचं नाव, मालकाच्या नावासकट, टेम्पो पुढं जायच्या आत वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्या दुपारी पाय दुखले नाहीत, असं मात्र नाही.

आमच्याकडं रीत अशी की शेवटच्या रविवारी व्हीबीएसची मुलं उपासनेत पुढं येतात, पाठ केलेलं म्हणतात, गातात. आणि पांढरं घालतात. सगळी मुलं पांढऱ्यात. का, हे कुणी विचारत नाही. माझी आई करायची, सासू करायची, मीही करत आले. बाहेरच्या मुलांना सक्ती नव्हतीच. पण ही पोर शुक्रवारी सरबत पिताना म्हणाली, "सब सफेद में आएँगे?" मी हो म्हटलं. तिनं खाली वाकून आपल्या अंगावरचा फ्रॉक बघितला. तिच्याकडं दोनच फ्रॉक होते, दोन्ही विटलेले. जेठासमोर वाचायचं होतं तेही त्याच रविवारी, कारण तिच्या आईनं त्याला राजी करून चर्चमध्येच आणायचं ठरवलं होतं. बघा, काय शिकवतात ते डोळ्यांनी बघा, असं ती त्याला म्हणाली होती.

घरी येऊन मी कपाट उघडलं. माझ्या मुलीचं आदल्या वर्षी दृढीकरण झालं होतं. मूल कळतं झालं की मंडळीपुढं उभं राहून आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं सांगतं, ते दृढीकरण. त्याचा पांढरा फ्रॉक सासूबाईंनी नगरहून शिवून पाठवला होता, गळ्याला हातानं विणलेली लेस. मुलगी कुरकुरली, "आई, मतलब, माझाच का? बाजारात मिळत नाहीत का?" बाजारात जायचं माझ्या जिवावर आलं होतं, खरं कारण एवढंच. मी म्हटलं, एका दिवसानं झिजत नाही तो. शनिवारी बसून कमरेला आणि बाह्यांना धावदोरा घालून तो आत घेतला. सुईत दोरा ओवताना डोळे मिटत होते.

रविवारी पोर माझ्याबरोबर टेम्पोतून आधी आली. चर्चमागच्या खोलीत मी तिला फ्रॉक घातला, वेण्या घातल्या. ती आरशासमोरून हलेना. मीच म्हटलं, चल बाई आता, आरसा फुटेल.

तिची आई आणि जेठ उपासना सुरू झाल्यावर आले आणि शेवटच्या बाकावर टेकले. बाईच्या डोक्यावर गडद तपकिरी ओढणी. जेठ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. हातात मुलांसाठी गोळ्यांचा पुडा. तो पुडा बघून मी निश्चिंत झाले. मनात म्हटलं, हा माणूस हो म्हणायलाच आला आहे.

मुलांची गाणी झाली, त्यात पोर मागच्या रांगेत झाकलेली होती. मग मी पोरीला पुढं बोलावलं. मुद्दाम चर्चचं काही दिलं नव्हतं, चौथीच्या हिंदी पुस्तकातला कावळ्याचा धडा दिला होता. ती हातात पुस्तक घेऊन मधोमध उभी राहिली. तोंड उघडणार एवढ्यात तिची आई उठली. धावली नाही, ओरडली नाही. दोन बाकांच्या रांगांमधून चालत पुढं आली, डोक्यावरची ओढणी काढली, पोरीच्या डोक्यावरून पायापर्यंत पांघरली आणि तिला कुशीत धरून बाहेर घेऊन गेली. भर माणसांत तिचं स्वतःचं डोकं उघडं होतं. जेठ क्षणभर बसून राहिला, मग पुडा बाकावर ठेवून तोही उठला.

मी फाटकापर्यंत धावले. बाई म्हणाली, "बारह महीने मैंने सफेद पहना है, मैडमजी. मेरी बेटी को क्यों पहनाया?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या घरात पांढरं म्हणजे काय, हे मला ठाऊक नसायला मी काही परदेशातून आले नव्हते. नगरला माझ्या लग्नात मी पांढरी साडी नेसले तेव्हा शेजारच्या काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, निदान काठ तरी लाल घे गं. मी तेव्हा हसले होते. क्रूस, मेणबत्ती, पाणी, सगळ्यावर पहारा ठेवला आणि बापाविना पोरीला तिच्या आईसमोर विधवेचा रंग घालून उभं केलं. आमच्या डोळ्यांना पांढरं दिसतच नव्हतं, इतकं ते सवयीचं.

मी फाटकात उभी राहून समजावायला लागले. हमारे यहाँ सफेद शुभ होता है. पवित्र होता है. हमारी दुल्हन भी पहनती है. माझीच मुलगी घालून उभी राहिली होती, विचारा हवं तर. जेठानं सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही. "ठीक है जी," एवढंच म्हणाला आणि रिक्षा थांबवली. ओढणीत गुंडाळलेली पोर माझ्याकडं बघत होती. पुस्तक तिच्या हातातच होतं.

आत आले तर शेवटचं गाणं चाललं होतं. संध्याकाळी कमिटी बसली. तक्रार झाली नाही, पोलीस आले नाहीत, म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पाळकसाहेबांनी अहवालात बाहेरच्या मुलांचा प्रतिसाद उत्तम होता असं लिहिलं. मला इतका संताप आला होता की चहासुद्धा न घेता मी घरी आले आणि दोन दिवस पडून राहिले. मुलीनं विचारलं, "माझा फ्रॉक?" मी तिच्यावर खेकसले.

तिसऱ्या दिवशी सरकारी शाळेतून प्रवेशाचा अर्ज आणला आणि झोटवाड्याला गेले. हातापाया पडू, जेठाची माफी मागू, असं सगळं ठरवून गेले होते. कडुनिंबाखाली टेबल होतं, त्यावर इस्त्री नव्हती. समोर बांगड्या विकणारी म्हातारी बसायची. मला बघून तिनं टोपलीखालून एक गठडी काढली. म्हणाली, दोघी काल सकाळच्या बसनं गेल्या, गावी. हे तुम्हाला द्यायला सांगितलंय.

गठडीत फ्रॉक होता. पिवळाधमक. बाईनं तो रंगाऱ्याकडून रंगवून आणला होता, कडक इस्त्री केली होती, आणि मी घातलेला धावदोरा एकेक टाका करून उसवला होता, म्हणजे माझ्या मुलीला पुन्हा नीट बसावा. लेसचा दोरा वेगळा होता, तिथं रंग जरा गडद धरला होता. म्हातारी म्हणाली, "कह गई है, मैडमजी के भी बेटी है. लड़की का सफेद घर में मत रखना."

मी तिथंच टेबलाला टेकून रडले. कारखान्यातून जेवायला निघालेले लोक बघत होते, बघू देत. तिचा एवढा संसार मोडून मी बसले होते, आणि बस धरायच्या घाईत तिनं रंगारी शोधला तो माझ्या पोरीला काही होऊ नये म्हणून.

पुढच्या वर्षीही व्हीबीएस झाली, मीच घेतली. पांढरं बंद केलं. कमिटीतल्या दोघांनी नाकं मुरडली, मी ऐकून घेतलं नाही. पिवळा फ्रॉक माझी मुलगी दोन उन्हाळे हौसेनं वापरत होती. तिला तो आधीपेक्षा आवडला. अर्ज माझ्याकडं अजून आहे, कोराच.

लोक विचारतात, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, रीतभातीतली चूक, कुणाचीही होते. रंगाचं मी कधीच स्वतःला माफ करून टाकलं. मला झोपू देत नाही ते फाटक. जेठ समोर उभा होता, ऐकत होता, रिक्षा यायला चांगली पाच मिनिटं लागली. पोरीच्या हातात पुस्तक होतं. मी त्याला एकच वाक्य सांगायला हवं होतं, की भाईसाहब, हिला वाचता येतं, इथंच ऐका. त्या पाच मिनिटांत मी त्याला आमचं पांढरं किती चांगलं असतं ते सांगत होते.