डावीकडचा चोर

धुक्याचा पडदा खालून वर सरकत गेला. आधी दिसले बसतळावरचे ओले डांबर, मग घोडागाड्यांची चाके, मग वाफाळणारे घोडे, मग फरच्या झाडांचे काळे बुंधे. आणि सगळ्यात शेवटी, मुरलेल्या नटाने नेमका क्षण हेरून रंगमंचावर यावे तसा, कड्याच्या टोकावरचा राजाचा पांढरा किल्ला. बसमधून उतरलेली मंडळी माना उंचावून बघत राहिली. एकट्या बसचालकाने, आल्बान राइझरने, किल्ल्याकडे पाठ फिरवली, बसचे दार आतून लावून घेतले आणि डब्यातला पाव काढला.

आठ वर्षे तो ही सहल चालवत होता. सकाळी म्युनिकहून माणसे घ्यायची, आधी हा मोठा किल्ला, दुपारी दरीतला राजाचा छोटा महाल, आणि परतताना आल्बानच्याच गावात कोरीव लाकडी वस्तूंच्या खरेदीसाठी एक थांबा. इतक्या वर्षांत तो वर एकदाही गेला नव्हता. कोणी विचारले की गुडघा चोळायचा. गुडघा ठणठणीत होता. किल्ल्यामागे दोन कड्यांच्या मधोमध एक अरुंद लोखंडी पूल टांगलेला आहे, त्याचे नाव मारियेचा पूल. त्याच्या नुसत्या विचाराने आल्बानच्या तळहातांना घाम सुटायचा. घराच्या पन्हळीत अडकलेली पाने काढायलासुद्धा तो शेजाऱ्याला हाक मारायचा.

ही गोष्ट गावात कोणालाच ठाऊक नाही असे त्याला वाटे, आणि ती कळू नये म्हणून त्याची सारी धडपड होती. कारण त्याच्या गावाने फार पूर्वी प्लेगच्या साथीत नवस बोलला होता: वाचलो तर दर दहा वर्षांनी येशूच्या मरणाचे नाटक करू. तो नवस गाव अजून फेडते आहे. गवळी, न्हावी, मास्तर, सगळे नट. नाटकाच्या आदल्या वर्षी, ईस्टरपूर्वीचा उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून गावात कात्री बंद आणि वस्तरा बंद. रोमन शिपाई होणाऱ्यांना तेवढी दाढी करायची मुभा. त्यामुळे कोणाच्या मनात काय आहे ते हनुवटीवरच वाचता येते.

येशूच्या दोन बाजूंना क्रूसावर चढवलेले दोन चोर. त्यांतला डावीकडचा चोर आजोबांपासून राइझरांच्या घरातला. आणि एप्रिल उजाडला, सारे गाव खरखरीत झाले, तरी आल्बानची हनुवटी गुळगुळीतच.

"रोमन साहेब निघाले कामावर," बायकोचा भाऊ लेंझ रोज दुकानाच्या पायरीवरून म्हणायचा. तो मूर्ती कोरायचा, आणि नाटकात क्रूसाखालचा शिपाई असायचा. "अरे, एका घरात रोमन मी एक पुरे. दोघंही रोमन झालो तर चढवायचं कोणाला?"

आल्बान हसून गाडी काढायचा. घरी बायको बुर्गी पहाटे दाढीचे पाणी तापवून द्यायची, पण बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "रविवारी देवळात लोक पाद्रीबाबांकडे कमी आणि तुझ्या गालांकडे जास्त बघतात."

गेल्या नाटकात झाले होते ते असे. चोराला खिळे नसतात. हात आडव्या तुळईवरून मागे घेऊन दोरीने बांधतात, पायांखाली हातभर फळी असते. दुसऱ्याच प्रयोगाला ती फळी सैल झाली. हजारो माणसांसमोर आल्बान नुसत्या दंडांवर लोंबकळला. श्वास कोंडला, खालची जमीन गरगरू लागली. ओरडावे तर नवस मोडतो. तेवढ्यात खालून लेंझचा आवाज आला. लटकलेल्या माणसाला भोवळ येऊ नये म्हणून खालच्या शिपायाने ओठ न हलवता त्याच्याशी घरगुती काहीबाही बोलत राहायचे, ही त्या गावची जुनी पद्धत. प्रेक्षकांना ते ऐकू जात नाही. लेंझ म्हणत होता, "आमची तपकिरी व्याली रात्री. कालवड झालीय. कपाळावर पांढरा ठिपका. नाव काय ठेवू, सांग." आल्बानचा अंगठा चाचपडत फळीच्या कडेला टेकला आणि प्रसंग निभावला. पुढचे सगळे प्रयोगही त्याने केले. पण भीती जी अंगात शिरली, ती पडदा पडल्यावरही उतरली नाही.

पावाचा दुसरा घास तोंडात होता, तोच फोन वाजला. सहलीची वाटाड्या व्रोनी होती.

"आल्बान, वर या. पेट्झोल्डबाई पुलाच्या मध्यावर कठडा धरून बसल्यात. सोडायलाच तयार नाहीत. आपली किल्ल्यात जायची वेळ झालीय, ती चुकली तर चाळीस माणसं मला खातील."

"माझा गुडघा..."

"तुमचा गुडघा मी आठ वर्षं ऐकतेय. बाई म्हणतात, अनोळखी माणसानं हात लावायचा नाही. तुमच्याकडून सकाळी पेपरमिंट घेतलं होतं, तेवढे तुम्ही ओळखीचे."

आल्बान वर निघाला. चढ जंगलातून होता तोवर ठीक होते. दोन्ही बाजूंना झाडे होती, माती होती. मग झाडे संपली आणि पूल आला. फळ्यांच्या फटींतून खूप खाली धबधब्याचा फेस दिसत होता. लोक फोन उंच धरून फोटो काढत होते आणि त्यांच्या प्रत्येक पावलागणिक फळ्या थरथरत होत्या. मध्यावर निळ्या कोटातली एक कृश म्हातारी कठड्याला दोन्ही हातांनी कवटाळून उकिडवी बसली होती.

त्याला वाटले, परत जावे. सांगावे, बचाव पथकाला बोलवा. कोणी दोष दिला नसता. पण म्हातारीने मान वळवली आणि तिला त्याचे बसचालकाचे खाकी जाकीट दिसले. त्या नजरेत त्याने स्वतःला ओळखले. असाच कोणाकडे तरी तो तेव्हा क्रूसावरून बघत होता.

पहिली फळी. दुसरी. कानात धबधबा की स्वतःचे रक्त, कळेना. कसाबसा तो बाईंपाशी पोहोचला आणि तिथेच, त्यांच्या शेजारी, कठडा पकडून खाली बसला. उठवायला आलेला माणूस आता स्वतःच उठेना.

म्हातारी सॅक्सनीतली निवृत्त शाळामास्तरीण. तिने त्याचे पांढरे पडलेले बोट न्‌ बोट निरखले.

"तुम्ही मला न्यायला आलात की सोबत करायला?"

"न्यायलाच निघालो होतो, बाई."

"मग छान झालं. आता आपल्या दोघांना न्यायला कोण येणार?"

का कोण जाणे, आल्बान ओठ न हलवता बोलू लागला. "आमच्या मेहुण्याची तपकिरी गाय व्याली. कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका."

"काय? कधी?"

"नऊ वर्षांपूर्वी."

"नऊ वर्षांपूर्वीची बातमी तुम्ही मला इथे सांगताय?"

"ऐका तर. तो मला म्हणाला, नाव सांग. एक पाय उचला, बाई. हं. मी तेव्हा उंचावर होतो, मला फक्त आभाळ दिसत होतं. दुसरा पाय. मी म्हटलं, ढग. तिचं नाव ढगच पडलं."

"गाईचं नाव ढग?" बाईंचा एक हात कठड्यावरून सुटून त्याच्या बाहीवर आला. "दूध किती देते?"

"देत होती भरपूर. आता म्हातारी झाली. लाथ मारते."

"मीही मारते," बाई म्हणाल्या.

असे बोलत, ढगाच्या वासरांची नावे घेत, दोघे पायाने फळी चाचपत आले. भीती कमी झाली असे नव्हे. ती पुलाच्या टोकापर्यंत दोघांच्या मध्ये चालत आली. मातीवर पाय टेकला तेव्हा आल्बान एका दगडावर बसला. बाईंनी पिशवीतून थर्मास काढून त्यालाच आधी चहा दिला.

दुपारी छोटा महाल झाला, आणि परतताना बस खरेदीसाठी आल्बानच्या गावात थांबली. पेट्झोल्डबाई उतरल्या त्या थेट लेंझच्या दुकानात.

"मला एक गाय हवी. कपाळावर ठिपका असलेली. ह्या माणसानं मला पुलावरून आणलं, आणि खरं सांगते, माझ्याहून तोच जास्त घाबरला होता."

आल्बान दारातच थिजला. संपले सगळे, आता गावभर होणार. लेंझने पटाशी खाली ठेवली. बाईंना लाकडी गाय कागदात बांधून दिली, त्या गेल्या, तरी तो भुसा झटकत राहिला.

"इतकी वर्षं मला वाटत होतं, तू सांगशील."

"तुला ठाऊक होतं?"

"मी खाली उभा होतो ना. तुझे पाय माझ्या डोळ्यांसमोर नाचत होते."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? दुसऱ्या दिवशी तू परत चढलास." लेंझने नाक पुसले. "आणि तुला काय वाटतं, ती गाय मी तुझ्यासाठी सांगत होतो? तू माझ्या डोक्यावर पडशील म्हणून माझीच बोबडी वळली होती. भाला टेकून उभा होतो, नाहीतर बसलोच असतो."

आल्बानने दुकानाच्या पायरीवर बसून उरलेला पाव खाल्ला. लेंझ शेजारी येऊन बसला. त्याचीही हनुवटी गुळगुळीत होती, रोमनाची.

दुसऱ्या दिवशी पहाटे बुर्गीने पाणी तापवायला ठेवले. आल्बानने वस्तरा उचलला, अंगठ्याने धार पाहिली आणि मिटून फडताळात ठेवून दिला. वर चढायचा दिवस वर्षभर लांब होता आणि आत्ताच त्याच्या तळहातांना घाम सुटला होता.

"दोन महिन्यांनी मागे आहेस," बुर्गी म्हणाली. "सगळ्यांच्या दाढ्या छातीला लागतील, तुझी कुठे पोहोचणार?"

"चोराला तेवढी पुरते. पण खाली लेंझच हवा. आणि त्याला सांग, ह्या वेळी गाय नवी लागेल."