खळीखालचा फोड

लाँड्रीतल्या इस्त्रीखात्यात काम करणाऱ्या बाईंना सगळे कडककाकू म्हणत. हे नाव कशावरून पडले, याबद्दल एकमत नाही. त्यांनी इस्त्री केलेली कॉलर मानेला कापते म्हणून, असे धुलाईखाते सांगे. त्यांच्या जिभेवरून, असे खुद्द इस्त्रीखाते. पुरावा दोन्ही बाजूंना भरपूर होता. वाद नव्हता तो एकाच गोष्टीबद्दल: झालरीच्या चुण्या त्यांच्यासारख्या कोणालाही जमत नसत. दमट कापडाची कड उजव्या हाताच्या दोन बोटांच्या चिमटीत धरून त्या चुणी बसवीत आणि डाव्या हाताने लगोलग इस्त्री फिरवीत.

इस्त्री किती तापली, हेही तीच बोटे सांगत. शेजारच्या ओल्या फडक्यावर ती टेकवायची, इस्त्रीच्या तळाला ओझरती लावायची आणि चुर्र आवाज ऐकायचा. इस्त्रीवर आकड्यांची चकती होती. पण काकूंचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

त्या सकाळी धुलाईखात्यातली फेसमावशी भांडायला आली. कोपरापर्यंत साबणाच्या फेसात बुडालेली ही बाई काकूंची जुनी वैरीण होती.

“काकू, टेबलक्लॉथवरचा हा पिवळा डाग तुमच्या इस्त्रीचा आहे. माझ्या माथी मारू नका.”

“अगं, माझ्या इस्त्रीखाली आला तेव्हाच तो पिवळा होता. तू धुतेस की नुसती पाणी दाखवून आणतेस?”

या झटापटीत फडके केव्हा सुकले, ते काकूंच्या लक्षात आले नाही. कोरडी बोटे त्यांनी चांगल्याच तापलेल्या इस्त्रीला लावली. चुर्र आवाज आला नाही. आली ती काकूंची किंकाळी.

पुढची चूक इस्त्रीवाल्यांनाच सुचावी अशी होती. चटका बसला की खळ, हा त्या खात्याचा पिढीजात उपाय. घमेल्यातल्या गार खळीत काकूंनी हात बुडवला, जिवाला बरे वाटले आणि त्या तशाच माखल्या हाताने कामाला लागल्या. पण कापडाला कडक करणारी खळ कातडीला कशी सोडेल? दुपारपर्यंत बोटांवर पांढरे कवच चढले. खाली फोड फुगत होते, वरून खळ आवळत होती. बोटे वाकेनाशी झाली. कुणीतरी सुई पुढे केली. दुसरीने खळ सोलून काढायला नख लावले.

“हात लावाल तर खबरदार!” फेसमावशी ओरडली आणि काकूंना दंडाला धरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेली.

ड्रेसिंगच्या खोलीतली सिस्टर वयाने काकूंच्या लेकीएवढी. आता ही हसणार, या भीतीने काकूंनी हात पदराआड धरला होता. सिस्टर हसली नाही. तिने आधी सुजू लागलेल्या बोटातली अंगठी हलक्या हाताने काढली आणि मग विचारले, “काय लावलंय, काकू?”

“खळ.”

“पुढच्या वेळी फक्त नळाचं गार पाणी. धार बराच वेळ वाहू द्यायची. आता हे ओढलं, तर फोडाची कातडी सोबत निघेल.”

“बोटं वाकतील ना गं पुन्हा?” काकूंचा आवाज अगदीच मऊ होता. “चुण्या गेल्या, तर मला घड्या घालायला बसवतील.”

“आधी खळ सुटू दे. मग सांगते.”

“चिकटलेलं ओढून काढायचं नसतं, भिजत घालायचं असतं,” फेसमावशी म्हणाली. “आमचा धंदाच तो.”

“मग तुम्हीच बसा पाणी बदलत,” असे म्हणून सिस्टरने स्वच्छ कोमट पाण्याचे भांडे तिच्यापुढे सरकवले.

फेसमावशी बसली. पाणी गढूळ झाले की बदलायची. काकू कण्हल्या की थांबायची. डागाचा विषय तिने एकदाही काढला नाही. खळ हळूहळू विरघळली आणि खालचे फोड न फुटता शाबूत दिसले. सिस्टरने त्यांवर न चिकटणारी जाळी ठेवून सैल पट्टी बांधली.

“हे फोडू नका. ही कातडी म्हणजे आतल्या कोवळ्या कातडीचं पांघरूण आहे. पू झाला, ताप आला, तर लगेच या.”

पट्टी बदलायला काकू दर खेपेला फेसमावशीसोबत गेल्या. मधल्या दिवसांत घड्यांच्या टेबलाशी बसून एका हाताने रुमाल दुमडत राहिल्या. फोडांतले पाणी आपोआप जिरले, वरची कातडी सुरकुतून सुटली आणि खाली गुलाबी, चकचकीत बोटे दिसली. सिस्टरने ती एकेक करून वाकवून पाहिली.

“घाला चुण्या,” ती म्हणाली.

काकूंनी खुंटीवरचा सिस्टरचा चुरगळलेला ॲप्रन उचलला आणि काखोटीला मारला.

लाँड्रीत त्यांनी सवयीने इस्त्रीकडे बोट नेले. फेसमावशीने मध्येच पाण्याची वाटी सरकवली. “थेंब टाका. बोट राहू द्या.”

काकूंनी थेंब शिंपडला. चुर्र आवाज आला. ॲप्रनच्या खिशाला त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत बारीक झालर धरली. चुण्या सरळ बसल्या. मग हात सवयीने खळीच्या घमेल्याकडे गेला आणि मागे फिरला.

“खळ नाही?” फेसमावशीने डोळे मोठे केले.

“त्या पोरीच्या मानेला टोचेल,” कडककाकू म्हणाल्या. “आणि तो टेबलक्लॉथ आण इकडे. डाग माझाच असणार.”